तुझं गाणं कुठं आहे?

न्यूझीलंडमधल्या शाळकरी पोरांना हा प्रश्न १९८८ सालापासून विचारला जातो आहे. त्या वर्षी क्राइस्टचर्च शहरात शाळांमधल्या बँडसाठी ‘रॉकक्वेस्ट’ नावाची स्पर्धा सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. आधी विभागातल्या फेऱ्या, मग विभागाची अंतिम फेरी, मग देशाची. अट एकच आणि सरळ: गाणं स्वतःचं पाहिजे. शब्द तुमचे, चाल तुमची, तरच या मंचावर या. गाजलेल्या बँडचं गाणं तंतोतंत वाजवता येत असेल तर उत्तम, पण ते घरी वाजवा.

२०१६ साली ही स्पर्धा वाइपू नावाच्या छोट्या गावातल्या तीन पोरांनी जिंकली. त्याच वर्षी माओरी, म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, आणि पॅसिफिक बेटं यांच्या संस्कृतीतून आलेल्या संगीतासाठी असलेली ‘पॅसिफिका बीट्स’ ही स्पर्धाही त्यांनीच मारली. बँडचं नाव एलियन वेपनरी. जून २०१८मध्ये त्यांचा ‘तू’ हा पहिला अल्बम एका ऑस्ट्रियन कंपनीनं काढला आणि त्याच उन्हाळ्यात ही पोरं जर्मनीतल्या वाकेनच्या मैदानावर उभी होती. हेवी मेटलचा हा जगातल्या सर्वांत मोठ्या महोत्सवांपैकी एक. समोरच्या गर्दीला माओरी भाषेचं अक्षर कळत नव्हतं. गाणी मात्र बरीचशी त्याच भाषेत होती, तरीही गर्दी जागची हलली नाही.

अशी गोष्ट सांगितली की लोक ‘चमत्कार’ म्हणतात. मला हा शब्द इथं नको आहे. चमत्कार म्हटलं की आपली जबाबदारी संपते. या बँडमागे काय काय उभं होतं ते नीट पाहिलं, तर त्यात आपल्याला करता येणार नाही असं फार थोडं सापडतं.

आठ वर्षं

हेन्री आणि लुईस द यंग हे दोघे भाऊ. २०१० साली त्यांनी ऑकलंडमध्ये बँड काढला तेव्हा हेन्री दहा वर्षांचा आणि लुईस आठ. थोरला ड्रमवर, धाकटा गिटार वाजवणार आणि गाणार. ‘डिस्ट्रिक्ट नाइन’ हा परग्रहवासीयांचा सिनेमा पाहून नाव ठेवलं. दहा वर्षांची पोरं दुसरं काय नाव ठेवणार! पुढे कुटुंब उत्तरेला वाइपूला राहायला गेलं. तिथं २०१३मध्ये ईथन ट्रेंबथ हा मुलगा बास गिटार वाजवायला त्यांच्यात आला.

पहिला सराव २०१०चा, पहिला अल्बम २०१८चा. मध्ये आठ वर्षं. आठ वर्षं ही पोरं सराव करत होती, छोट्या मंचांवर वाजवत होती, स्पर्धांना जात होती. वडील ध्वनिव्यवस्था सांभाळत होते, आई बँडचा कारभार पाहत होती. २०१८ साली इंटरनेटवर त्यांचे व्हिडिओ पाहून थक्क झालेल्या लोकांना ही आठ वर्षं दिसली नाहीत. रातोरात वर आलेला बँड म्हणून त्यांचं कौतुक झालं, पण त्या रातोरातीत आठवीतली, नववीतली, दहावीतली किती संध्याकाळी गेल्या असतील त्याचा विचार करा.

आपल्याकडे पोरगा ड्रम बडवायला लागला की दहावीचं वर्ष येतं आणि ड्रमवर चादर पडते. बारावीनंतर ती काढू म्हणतात. बारावीनंतर प्रवेश परीक्षा येते. बँड ही अशी गोष्ट आहे की ती पंधराव्या वर्षी सुरू झाली तर झाली. पंधराव्या वर्षी पोरांकडे वेळ असतो, मित्र असतात, आणि आपण हास्यास्पद दिसू ही भीती अजून पुरती शिरलेली नसते. हे वय वाया घालवलं तर ते पंचविशीत परत मिळत नाही.

पूर्वजाची लढाई

आता त्यांनी गायलं काय, ते पाहू. कारण खरी ताकद तिथं आहे.

‘रू आना ते फेनुआ’ हे त्यांचं गाजलेलं गाणं २९ एप्रिल १८६४च्या लढाईवर आहे. पुकेहिनाहिना ही जागा, इंग्रज तिला गेट पा म्हणतात. ब्रिटिशांकडे सुमारे सतराशे सैनिक आणि अवजड तोफा. माओरी लढवय्ये अडीचशेच्याही आत. दिवसभर तोफा धडधडल्या. माओरी मात्र जमिनीत खोदलेल्या खंदकांत आणि तळघरांत दबा धरून बसले होते. आता आत कुणी जिवंत नसेल अशा खात्रीनं सैनिक चालून गेले आणि खंदकांतून बंदुका सुटल्या. हल्ला मोडला. रात्री माओरी जागा सोडून निसटले. जखमी होऊन पडलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला त्याच रात्री पाणी पाजणारी हेनी ते किरी करामू ही माओरी बाईसुद्धा याच लढाईतली. द यंग भावांचा पूर्वज ते आहोआहो या लढाईत पडला. गाणं त्याच्यावर आहे.

‘राउपातू’ हे दुसरं गाणं १८६३च्या कायद्यावर. बंडखोर ठरवलेल्या जमातींच्या जमिनी सरकारजमा करायची सोय त्या कायद्यानं केली. ‘उरुता’ हे त्याआधीचं गाणं एकोणिसाव्या शतकात उत्तरेच्या बंदरांत गोरे आणि माओरी यांच्यात उसळलेल्या संघर्षावर. जमीन, साथीचे आजार, फसवणूक, सूड. हे सगळं विशीच्या आतल्या पोरांनी लिहिलं. इतिहासाच्या पुस्तकाला कंटाळणारी पोरं म्हणून आपण ज्यांना हिणवतो त्या वयाच्या पोरांनी कायद्याचं साल शोधून काढलं आणि त्यावर गिटार वाजवली.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारणच नाही. पूर्वजाची लढाई, खड्या आवाजात, तालावर, हजार माणसांसमोर गायची याला आपण पोवाडा म्हणतो. शिवरायांच्या हयातीत अज्ञानदासानं अफजलखान वधाचा पोवाडा रचला. डफ आणि तुणतुण्यावर शाहीर जे करत आला तेच ही पोरं ड्रम आणि गिटारवर करतात. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हा तेही तरुणच होते आणि गिरणगावातली, शेतमजुरांची, चालू काळाची गाणी स्वतः रचत होते. जुने पोवाडे पाठ म्हणून दाखवण्यासाठी त्यांनी कलापथक काढलं नव्हतं.

बँडखाली तीन खांब

पहिला खांब शाळा. हे भाऊ लहानपणी ‘कुरा काउपापा’ शाळेत शिकले. म्हणजे माओरी भाषेत, माओरी पद्धतीनं चालणारी शाळा. अशी पहिली शाळा १९८५मध्ये ऑकलंडला निघाली. त्याआधी १९८२ साली ‘कोहांगा रेओ’ म्हणजे माओरी बालवाड्या सुरू झाल्या होत्या. त्याही आधी, १९७२ साली, तीस हजारांहून जास्त सह्यांचं निवेदन संसदेत गेलं होतं: आमची भाषा शाळेत शिकवा. आणि या सगळ्याच्या मागे १८६७च्या कायद्यापासून चालत आलेला काळ होता, ज्यात शाळेत माओरी बोललं म्हणून मुलांना छड्या बसायच्या. १९८७मध्ये माओरी राजभाषा झाली. छड्या खाल्लेल्या पिढीनं बालवाड्या काढल्या, बालवाडी-शाळांतून बाहेर पडलेल्या पिढीनं मेटल वाजवलं. हा सांधा जुळायला वेळ लागला, पण तो आपोआप जुळलेला नाही. लोकांनी जुळवला.

दुसरा खांब स्पर्धा. तिच्याविषयी वर सांगितलं, पण एक तपशील राहिला. ही स्पर्धा बरीच वर्षं ‘स्मोकफ्री रॉकक्वेस्ट’ या नावानं भरायची. तंबाखू कंपन्यांनी खेळ आणि कला यांना प्रायोजक म्हणून पैसे देणं १९९०च्या कायद्यानं बंद झालं, तेव्हा सरकारनं एक मंडळ नेमलं आणि त्या जागी सार्वजनिक पैसा ओतला. सिगारेटचे फलक उतरले आणि ‘धूम्रपान नको’चे चढले. मंच मात्र बंद पडू दिले नाहीत. बंदी घालताना जी जागा रिकामी होते ती भरायची कशी, हा विचार त्या कायद्यातच होता.

तिसरा खांब पैसा. ‘न्यूझीलंड ऑन एअर’ ही १९८९ साली स्थापन झालेली सार्वजनिक संस्था देशातल्या संगीताला, कार्यक्रमांना निधी देते. या बँडच्या सुरुवातीच्या गाण्यांना तिथून मदत मिळाली. ध्वनिमुद्रण चांगलं झालं, व्हिडिओ नीट निघाला, म्हणून ते गाणं हजारो मैलांवरच्या माणसानं शेवटपर्यंत पाहिलं. गावातल्या बँडला हुशारी पुरेशी असते. पुरत नाहीत ते स्टुडिओच्या भाड्याचे पैसे.

शाळा, स्पर्धा, निधी. तिन्ही लोकांच्या पैशातून, लोकांच्या आग्रहातून उभे राहिलेले. या तिघांशिवाय ही पोरं वाजवती झाली असती का? कदाचित झालीही असती. वाइपूच्या बाहेर कुणाला ऐकू आली असती का, याची मला शंका आहे.

आपल्याकडे काय आहे

आपल्याकडे काहीच नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. आपल्याकडे तर नमुना तयार आहे. १९६३पासून पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्था पुरुषोत्तम करंडक भरवते. महाविद्यालयांच्या एकांकिका. भरत नाट्य मंदिरात पडदा उघडण्याआधी ‘अरे, आवाज कुणाचा?’ ही आरोळी उठते आणि छप्पर हलतं. पोरं दोन-दोन महिने तालमी करतात, वर्ग बुडवतात, सेट स्वतः ठोकतात. याच मंचावरून मराठी रंगभूमीला पिढ्यान् पिढ्या माणसं मिळाली. १९७४पासून फिरोदिया करंडक आहे, तिथं सगळ्या कला एकत्र येतात. राज्य नाट्य स्पर्धा तर सरकार स्वतः भरवतं. तरुणांना मंच दिला आणि तो वर्षानुवर्षं टिकवला की काय होतं हे महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही.

मग गाण्याच्या बाबतीत आपलं घोडं कुठं अडलं? आपल्या बहुतेक गायन स्पर्धांमध्ये पोरांनी दुसऱ्यांची गाणी गायची असतात. दूरदर्शनपासून आजच्या वाहिन्यांपर्यंत, गल्लीतल्या गणेशोत्सवापासून महाविद्यालयाच्या गॅदरिंगपर्यंत हाच शिरस्ता. दहा वर्षांची मुलगी साठ वर्षांपूर्वीचं नाट्यगीत हरकती-मुरक्यांसकट गाते, परीक्षक डोळे पुसतात. मला त्या मुलीच्या गळ्याचा आदरच आहे. जुनं गाणं गायला आलंच पाहिजे, पाया तोच. पण पायावर भिंत कधी चढवायची? नाटकात आपण पोरांना नव्या संहिता लिहायला लावतो. गाण्यात फक्त घोटवून घेतो.

पुण्यात किंवा ठाण्यात कुठल्याही जॅमपॅडवर, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, एक संध्याकाळ जाऊन बसा. इमारतीचं तळघर किंवा मागचा गाळा. भिंतींना अंड्यांचे ट्रे नाहीतर काळा फोम चिकटवलेला. एक ट्यूबलाइट, एक पंखा, आणि पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून तो बंद. तासावर भाडं. चार पोरं आत, पुढच्या तासाची चार पोरं बाहेर जिन्यावर. त्यांच्यातला एक मोबाइलवर शब्द लिहीत असतो, अनेकदा मराठी शब्द. तास संपत आला की ड्रमर झांजा उतरवायला लागतो, कारण जॅमपॅडच्या झांजा तडकलेल्या असतात आणि तो स्वतःच्या घेऊन आलेला असतो. या पोरांना शिफारसपत्र नको आहे, सत्कार नको आहे. त्यांना वर्षातून एक तारीख हवी आहे, जिच्यासाठी गाणं पुरं करावं लागेल.

आणि जागा हवी आहे. मुंबईत १९८४ साली रॉक मशीन नावाचा बँड निघाला. बहुतेक बँड परदेशी गाण्यांच्या नकलेवर जगत असताना या पोरांनी १९८८ साली सगळी स्वतःची गाणी असलेला अल्बम काढला. तेव्हा धोबी तलावला रंगभवन हे खुलं नाट्यगृह होतं. १९८६पासून तिथं ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायला लागलं आणि कॉलेजची पोरं उघड्या आकाशाखाली आपल्या शहरातले बँड ऐकायला लागली. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले असे कार्यक्रम थांबले. रुग्णालयाशेजारी शांतता हवीच, नियमाशी भांडण नाही. भांडण आहे ते त्यानंतरच्या गप्प बसण्याशी. एक मंच बंद करताना त्याच तोडीचा, त्याच तिकिटात परवडणारा दुसरा मंच शहरानं उघडायला हवा होता. न्यूझीलंडनं सिगारेटचा फलक उतरवताना जे केलं ते आपण रंगभवन थांबवताना केलं नाही.

तीन आक्षेप

‘रॉक आपलं नाही.’ पेटी तरी कुठं आपली होती? ती युरोपातून आली आणि आज भजनाला तिच्यावाचून चालत नाही. बालगंधर्वांच्या नाटकात ऑर्गन वाजत होता आणि कुणी त्याला परका म्हटलं नाही. वाद्य जो वाजवतो त्याचं होतं. गिटार माओरींकडेही बाहेरूनच आली.

‘नुसता गोंगाट असतो.’ गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. शेकडो पोरंपोरी, ऑफिसातून थेट तिथं, हात सोलवटेपर्यंत. त्या आवाजावर आपलं प्रेम आहे, कारण तो कशासाठी आहे हे आपल्याला ठाऊक आहे. बँडचा आवाज कशासाठी आहे ते कळायचं असेल तर त्याचे शब्द कळले पाहिजेत, आणि शब्द कळायचे असतील तर ते मराठीत यायला हवेत. दहा वाजता बंद करा, मोकळ्या मैदानात ठेवा, मर्यादा घाला. पण कान देऊन एकदा ऐका.

‘मराठीत कोण ऐकणार?’ या आक्षेपाचा मला सर्वांत जास्त राग येतो. माओरी ही पन्नास लाखांच्या देशातल्या अल्पसंख्याकांची भाषा. तिच्यातलं गाणं जर्मनीच्या मैदानावर पोचतं. १९८४ साली ‘पोई ए’ हे माओरी गाणं न्यूझीलंडच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, आणि ते गाणारा पातेआ माओरी क्लब होता एका कारखाना बंद पडलेल्या गावातला. मराठी आठ कोटींहून अधिक माणसांची भाषा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिला अभिजात दर्जाही मिळाला. अभिजात दर्जा मागच्या दीड-दोन हजार वर्षांसाठी मिळतो. पुढची पन्नास वर्षं सतरा वर्षांच्या पोरानं त्या भाषेत ओरडावंसं वाटण्यावर अवलंबून आहेत.

काय करायचं

तर मागणी अशी. एखाद्या जुन्या, विश्वासाच्या सांस्कृतिक संस्थेनं शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांतल्या बँडसाठी करंडक सुरू करावा. नाशिक, नागपूर, कोल्हापूर, संभाजीनगर, रत्नागिरी, पणजी अशा केंद्रांवर प्राथमिक फेऱ्या, आणि अंतिम फेरी दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात. प्रत्येक बँडची दोन गाणी, दोन्ही स्वतःची, त्यातलं एक तरी मराठीत किंवा महाराष्ट्र-गोव्यात बोलल्या जाणाऱ्या कोकणी, अहिराणी, गोंडी, भिली, कोरकू अशा कुठल्याही भाषेत. वाद्यांवर बंधन नको. संबळ आणला तर संबळ, सिंथेसायझर आणला तर तो. ड्रमसेट, अ‍ॅम्प्लिफायर आणि ध्वनिव्यवस्था आयोजकांची, म्हणजे ज्या शाळेकडे यातलं काहीच नाही तिथली पोरंही येऊ शकतील. बक्षीस रोख देऊ नका. विजेत्यांना स्टुडिओतले दिवस द्या आणि त्यांचं गाणं नीट ध्वनिमुद्रित करून द्या. सांस्कृतिक कार्य संचालनालयाला राज्य नाट्य स्पर्धेचा अनुभव आहे. खर्चाचा वाटा त्यांनी उचलावा.

मुख्याध्यापकांना तर यासाठी कुणाची वाट पाहायची गरज नाही. यंदाच्या गॅदरिंगच्या कार्यक्रमपत्रिकेत अर्धा तास बाजूला काढा आणि पाटीवर लिहा: या अर्ध्या तासात फक्त स्वतः रचलेली गाणी. कुणी आलं नाही तर तो अर्धा तास रिकामा ठेवा. पुढच्या वर्षी कुणीतरी येईल.

पहिल्या वर्षी बरीच गाणी कच्ची असतील. यमक ओढूनताणून जुळवलेलं असेल, गिटार सुरात नसेल, आवाज फाटलेला असेल. एलियन वेपनरीसुद्धा २०१०मध्ये आठ आणि दहा वर्षांच्या पोरांचा कच्चाच बँड होता. परीक्षकांनी पहिल्या वर्षाच्या कच्चेपणावर भाषण देऊ नये आणि आयोजकांनी त्यावरून स्पर्धा गुंडाळू नये. दुसऱ्या वर्षीही ती भरली पाहिजे, आठव्या वर्षीही. पोरांनी आठ वर्षं टिकावं असं वाटत असेल तर आधी मोठ्यांनी टिकून दाखवावं.